सरोगसी आणि हरवलेलं बाळ घेऊन रहस्यकादंबरी लिहायला बसताय? मग आधी हे वाचा

माझं कोल्हापुरात कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, भाडेकरार टाइप करायचे आणि रात्री पोरं झोपली की कादंबरी, असं साडेतीन वर्षं चाललं. विषय पक्का होता: एक सरोगेट बाई (म्हणजे दुसऱ्या जोडप्याचं बाळ आपल्या पोटात वाढवून देणारी), ताराबाई पार्कातलं एक पैसेवालं घर, आणि बाराव्या दिवशी ऐन बारशात पाळण्यातून गायब झालेलं बाळ. पहिला खर्डा ३१२ पानांचा झाला. माझी मावसबहीण वकील आहे, तिला वाचायला दिला तर तिनं नवव्या पानावर पेन्सिलनं गोल काढून लिहिलं, "आक्का, इथंच सगळी आत जातात. पुढची ३०३ पानं कशाला?"

कारण माझी नायिका गडहिंग्लजची, वय २२, लग्न न झालेली, सात लाख घेऊन तयार झालेली, आणि त्या जोडप्याला आधीच एक धडधाकट मुलगी. एका परिच्छेदात चार गुन्हे, आणि हे सगळं मी नोटरी केलेल्या करारावर छान टाइप करून दाखवलेलं, दुकानाची सवय, दुसरं काय. तर तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितेय, ज्या क्रमानं मी करायला पाहिजे होतं त्या क्रमानं.

१. आधी साल ठरवा, मग पात्रं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळे शेवटाला ठेवतात. सरोगसीचा कायदा २०२१ चा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. त्याच्या आधीचं जग वेगळं आणि नंतरचं वेगळं. आधी गुजरातमधलं आणंद या कामासाठी जगभर माहीत होतं, परदेशी जोडपी यायची, पैशाचे करार व्हायचे. २००८ मध्ये तिथंच जन्मलेल्या मांजी नावाच्या मुलीची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. जपानी जोडप्याचा घटस्फोट बाळ जन्माला यायच्या आधीच झाला, होणाऱ्या आईनं हात वर केले आणि शेवटी जपानहून आजी आली नातीला सांभाळायला. २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशी लोकांसाठी हा दरवाजा बंद झाला आणि २०२२ पासून पैसे घेऊन मूल जन्माला घालणं हाच गुन्हा झाला.

म्हणजे तुमच्या गोष्टीत बाळ २०१० चं असेल तर करार, एजंट, हॉस्टेलवर ठेवलेल्या बायका हे सगळं उघड दाखवता येतं. २०२४ चं असेल तर तेच सगळं लपून चाललेलं असणार. बहुतेक नवे लेखक २०१० ची गोष्ट आजच्या मोबाईलसकट लिहितात आणि तिथंच फसतात. आणखी एक म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे तुमचा फौजदार अपहरणाला ३६३ म्हणणार का १३७ हे पण सालावरच ठरतं. (जुना हवालदार अजून सवयीनं ३६३ म्हणतो आणि मग जीभ चावतो, हे मात्र खुशाल ठेवा.)

२. कोण होऊ शकतं, कोण नाही: चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावा

२०२२ नंतरच्या गोष्टीसाठी. सरोगेट होणारी बाई लग्न झालेली (नवरा हयात नसेल किंवा घटस्फोट झालेला असेल तरी चालतं), स्वतःचं मूल असलेली, तिच्या पोटात गर्भ ठेवायच्या दिवशी वय २५ ते ३५, आणि आयुष्यात एकदाच. ती स्वतःच्या मर्जीनं तयार पाहिजे आणि तिचं स्वतःचं बीज (स्त्रीबीज) वापरता येत नाही. जोडप्यात बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५, आणि आधीचं जिवंत मूल नको, त्याला अपवाद फक्त मूल अपंग किंवा जिवावरच्या आजाराचं असेल तर. एकट्या बाईला पण करता येतं पण ती विधवा किंवा घटस्फोटित आणि ३५ ते ४५ मधली. अविवाहित हिरोईन एकटीनं सरोगसी करतेय असं लिहिलं असेल तर आत्ताच खोडा.

आणि तो "भाडोत्री आई" शब्द टाळा. एक तर कुणालाही लागेल असा आहे, आणि दुसरं म्हणजे भाडंच द्यायला बंदी आहे तर भाडोत्री कसली. पात्राच्या तोंडी, रागात, एखाद्या सासूच्या तोंडी आला तर ठीक.

३. पैसा कुठून कुठं गेला ते नीट ठरवा, कारण तुमचं रहस्य तिथंच आहे

मी पहिल्या खर्ड्यात पैशाचा फक्त उल्लेख केला होता, "तिला सात लाख मिळाले", बास. बहिणीनं विचारलं, बाळ हरवल्यावर आईबाप पोलिसात का गेले नाहीत दोन दिवस? मी म्हटलं, घाबरले म्हणून. ती म्हणाली, कशाला?

मग डोक्यात लाईट पेटली. कायद्यानं सरोगेटला दवाखान्याचा खर्च, तशाच ठरवून दिलेल्या बाबी आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच देता येतं. त्यावर दिलेला प्रत्येक रुपया गुन्हा. जोडप्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, आणि हा धंदा चालवणाऱ्याला दहा वर्षं आणि दहा लाखांपर्यंत. आता बघा, ज्या घरानं गुपचूप पैसे दिलेत त्या घराचं बाळ हरवलं तर ते तक्रार देणार कशी? पहिला प्रश्न येणार, बाई कोण, कुठून आणली, काय दिलं. तक्रार द्यावी तर स्वतः आत, न द्यावी तर बाळ गेलं. आणि हे ज्याला माहीत आहे त्याला काय पाहिजे ते मागता येतं. माझी अख्खी दुसरी कादंबरी म्हणजे दुसरा खर्डा या एका अडचणीवर उभा राहिला, खलनायक शोधायची गरजच पडली नाही.

पैसा कसा दिला हे पण कोल्हापुरी पद्धतीनं द्या. सुटकेसमधल्या नोटा सिनेमात. इथं बाईच्या नवऱ्याच्या नावावर म्हैस येते, भावाला गुऱ्हाळात भागीदारी मिळते, नाहीतर गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, पाटल्या आणि पावती तिसऱ्याच्याच नावावर. म्हशीची पावती हा मी वापरलेला पुरावा आहे, तो तेवढा सोडून बाकी सगळे घ्या.

४. आया मोजा

खरंच कागद घेऊन मोजा. नऊ महिने पोटात वाढवणारी, जिचं बीज आहे ती, कागदावर नाव असलेली, आणि रात्री उठून बाटली देणारी. साध्या घरात ही एकच बाई असते. तुमच्या कादंबरीत दोन, तीन, चार असू शकतात आणि प्रत्येकीला एक गोष्ट माहीत असते जी दुसरीला नाही.

इथले सापळे पटपट सांगते. बाळाचं नाक सरोगेटसारखं दाखवू नका, तिचा जनुकीय संबंध नसतो. (मी दाखवलं होतं. नाकच नाही, हनुवटीवरचा खड्डा पण.) बाळाचा रक्तगट पण तिच्यावर ठरत नाही. डीएनए चाचणी केली तर जन्म देणारी बाई "आई नाही" असा रिपोर्ट येणार, त्यामुळे डीएनएनं सरोगेट शोधायचा सीन उलटा पडतो. दुसऱ्या बाईचं बीज वापरलेलं असेल तर घरातल्या आईचा पण जुळणार नाही, फक्त बापाचा जुळेल, आणि मग सासूबाई काय काय बोलतील ते मी सांगायला नको. पण इथं पण तारखा आहेत: मार्च २०२३ मध्ये नियम बदलून दात्याचं बीज बंद केलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये परत बदलून वैद्यकीय कारण असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळानं तसं लिहून दिलं तर जोडप्यातल्या एकाच्या जागी दात्याचं चालेल असं केलं. या अकरा महिन्यांत अडकलेलं जोडपं हे मला स्वतःला फार चांगलं कथाबीज वाटतं, कुणीतरी लिहा.

एक गोष्ट मला माझा खर्डा वाचणाऱ्या नर्सबाईंनी सांगितली आणि अंगावर काटा आला, की बाळाच्या थोड्या पेशी पोटात वाढवणाऱ्या बाईच्या रक्तात राहतात आणि वर्षानुवर्षं सापडू शकतात. म्हणजे कागदानं, बीजानं संबंध नाही आणि तरी रक्तात काहीतरी उरलंय. याचा पुरावा म्हणून वापर करू नका, ते जमणार नाही. पात्राला नुसतं कळू दे.

५. बाळ कुठून हरवतं

हॉस्पिटल काल्पनिक ठेवा. खऱ्या दवाखान्याचं नाव घालून तिथून बाळ पळवू नका, नोटीस येते. (माझ्या ओळखीतल्या एकांना आली होती, त्याचं टायपिंग पण माझ्याकडंच झालं.)

बाकी शहर खरं घ्या. अंबाबाईच्या देवळाला महाद्वार, घाटी दरवाजा, विद्यापीठ दरवाजा, पूर्व दरवाजा, चारही बाजूंनी बाहेर पडता येतं आणि चारही बाजूंना वेगळी गर्दी. किरणोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरातले ते ९-१०-११ किंवा जानेवारीअखेरचे, मावळतीला सगळ्यांच्या माना एकाच दिशेला असतात, किरण देवीच्या पायावर आले, कमरेपर्यंत आले, पुढं चढले का, आणि त्या चार-पाच मिनिटांत शेजारणीच्या हातातलं दुपट्यातलं बाळ कुणाच्या हातात गेलं हे शपथेवर सांगणारा एक माणूस मिळणार नाही. बारसं बदलून मी हे घेतलं. फक्त "नेमका सीसीटीव्ही बंद होता" एवढं करू नका. कॅमेरा चालू असू दे, त्यात हिरवं नऊवारी नेसलेली बाई दिसू दे, आणि त्या दिवशी तसल्या चाळीस बायका असू देत.

पळायचा रस्ता ठरवताना सीमा विसरू नका. कागल सोडलं की कोगनोळीचा टोलनाका, म्हणजे कर्नाटक. टोलला फास्टॅगची नोंद राहते, म्हणून हुशार माणूस मुरगूडवरनं निपाणीला उतरतो. आणि पावसाळा असेल तर पंचगंगा तुमच्या बाजूनं किंवा विरुद्ध: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टसारखं झालं तर हायवेच बंद. पळवणारा, पोलीस आणि बाळ तिघंही एकाच शहरात अडकलेत आणि पाणी चढतंय, याच्यापुढं कुठला थरार पाहिजे.

६. पोलीस स्टेशनचा सीन

"२४ तास झाले की या" हे वाक्य लिहू नका. लेकरू हरवलं की गुन्हा लगेच नोंदवायचा आणि सुरुवातीपासून अपहरण धरूनच तपास करायचा, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय. कुणी टाळाटाळ केलीच तर तो सीन म्हणून वापरा, नियम म्हणून नको. देवळातलं प्रकरण जुना राजवाडा ठाण्याचं, एसटी स्टँडवरचं शाहूपुरीचं, पण झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) असल्यामुळं "आमची हद्द नाही" हे पण चालत नाही. ११२ (पोलीस मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन नंबर, सापडलेल्या बाळासाठी बाल कल्याण समिती, आणि चार महिने तपास लागला नाही तर अनैतिक मानवी वाहतूक रोखणारी पोलिसांची शाखा.

कोर्टासाठी एक नवीन गोष्ट. बाळ कुणीतरी अडकवून ठेवलंय म्हणून हेबियस कॉर्पस (त्याला कोर्टापुढं हजर करा अशी याचिका) टाकायची तर आधी मुंबई गाठावी लागायची, वकील महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात केस वाचायचे. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात चालू झालंय. म्हणजे त्या तारखेनंतरच्या कादंबरीत रात्रीचा रेल्वेप्रवास गेला. मला त्याचं थोडं वाईट वाटलं, चांगलं प्रकरण होतं ते.

आणि सगळ्यात मोठा सापळा: "सरोगेटनं बाळ द्यायला नकार दिला आणि कोर्टात आई कोण यावर वाद". आता पालकत्वाचा आदेश प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटकडून आधीच घ्यायचा असतो, जोडप्याच्या आणि सरोगेटच्या अर्जावर, आणि जन्मानंतर तोच जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो. तिला मन बदलायचं असेल तर गर्भ ठेवायच्या आधी. नंतर तिनं बाळ उचललं तर ते अपहरणच. पण १३७ मध्ये एक फट आहे, ताबा आपलाच आहे असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला तो गुन्हा लागत नाही. आता तुमच्या बाईनं त्या अर्जावर सही केली तेव्हा तिला तो वाचून दाखवला होता का? कुणी दाखवला? माझ्या दुकानात रोज माणसं न वाचता सही करतात, मी "वाचून घ्या की" म्हटलं तर म्हणतात, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. हे वाक्य मी क्लायमॅक्सला तसंच्या तसं वापरलं.

७. सुगावे: माझे तीन, तुम्ही तुमचे शोधा

पहिला, स्टॅम्प पेपर. मागच्या तारखेचा करार बनवणारे तारीख मागची घालतात पण स्टॅम्प आजचा असतो. त्याच्यावर नंबर असतो, विकणाऱ्याच्या वहीत नाव आणि दिवस असतो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी पाचशेचा झाला, तर मे महिन्याचा म्हणून दाखवलेला करार पाचशेच्या स्टॅम्पवर निघाला की नजर तिथंच थांबते.

दुसरा, विमा. ती ३६ महिन्यांची पॉलिसी बाळंतपणानंतर सगळे विसरतात. बाई गाव बदलते, सिमकार्ड बदलते, आणि दीड वर्षानं रक्तस्राव झाला म्हणून मिरजेत ॲडमिट होते आणि तोच पॉलिसी नंबर देते.

तिसरा माझा लाडका. पाळण्यात चिठ्ठी सापडते, "मी बाळाला घेऊन जातो. शोधू नका." तपास अधिकारी अमरावतीकडचे, ते दहा दिवस पुरुष शोधतात. कोल्हापूरच्या कुणालाही विचारा, आमच्याकडं पोरी, बायका सर्रास "मी आलो", "मी जातो", "मी जेवलो" म्हणतात, मी स्वतः दुकान बंद करताना "येतो गं" म्हणूनच निघते. ठाण्यातली एक महिला कॉन्स्टेबल अकराव्या दिवशी चिठ्ठी बघते आणि म्हणते, "साहेब, ही आमच्यातली बाई आहे." वाचकाला पहिल्या पानावर चिठ्ठी दाखवा, लपवू नका, कोल्हापूरचा वाचक तरी हसून पुढं जाणार नाही याची खात्री मी देत नाही.

८. आईपण लिहिताना

इथं देवकी-यशोदा आणू नका. पुस्तकाचं नाव, प्रकरणाचं नाव, पाळण्यातलं गाणं, कुठंच नको. मी आणलं होतं, आणि हाच विषय घेतलेल्या ज्या दुसऱ्या बाईंचं हस्तलिखित मी टाइप केलं त्यांनी पण. देवकीच्या पोटातला गर्भ रोहिणीच्या पोटात गेला ही बलरामाची गोष्ट विषयाला जास्त जवळची आहे, पण ती पण नको.

त्यापेक्षा शरीराकडं बघा. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येतं, बाळ कुणाचं आहे हे अंगाला माहीत नसतं. दूध थांबवायची गोळी देतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात सरोगेट खिडकीत उभी राहून रडते, दोन पानं. नर्सबाईंनी वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "रडते कुठं, तिला आधी ब्लाऊज बदलायचा असतो." मग मी लिहिलं ते असं: डिस्चार्ज घेऊन ती एकटी एसटी स्टँडवर बसलीय, गारगोटीची गाडी लागायची आहे, पलीकडच्या बाकावर कुणाचं तरी पोर रडायला लागतं आणि हिचा ब्लाऊज पुढून भिजतो. ती पदर ओढते, पिशवी छातीशी धरते. पिशवीत फाईल आहे, फाईलचा कोपरा ओला होतो. पुढं ती फाईल पोलिसांना सापडते तेव्हा सहीवरची शाई पसरलेली असते. रडणं एकदा पण नाही.

दुसऱ्या आईला पण एवढंच द्या. जिच्या घरी बाळ आलंय ती ढोंगी, थंड, पैशाचा माज असलेली दाखवायची आपल्याला फार हौस. तिनं सहा वर्षं इंजेक्शनं घेतलीत आणि प्रत्येक डोहाळजेवणाला तिला मागच्या खोलीत बसवलंय, हे एकदा लिहून बघा, मग ठरवा खलनायिका करायची का.

९. गावाची जुनी जखम

कोल्हापुरात "पळवलेलं मूल" म्हटलं की चाळिशीच्या वरच्या माणसाला एकच आठवतं, अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, लहान पोरं पळवून त्यांचे खून केल्याचं प्रकरण. १९९६ मध्ये पकडल्या, २००१ मध्ये इथल्याच सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरावरून जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं जन्मठेप केली. आम्हाला लहानपणी दारात खेळताना याच नावानं भीती घालायचे. तुमच्या कादंबरीतली आजी ते नाव काढेल, काढू दे, एका वाक्यात. पण त्या केसमधले तपशील उचलून आपल्या पुस्तकात रंगवू नका. त्या लेकरांची घरं अजून आहेत.

१०. टेबलावर काय काय पाहिजे

हे प्रत्यक्ष कादंबरीतल्या फाईलमधले कागद. प्रत्येकाची खोटी प्रत स्वतः टाइप करा, लिहिता लिहिता चूक कुठं लपवायची ते आपोआप सुचतं:

- जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला, सरोगसीची गरज आहे असा
- मॅजिस्ट्रेटचा पालकत्व आणि ताब्याचा आदेश
- सरोगेटचं आणि जोडप्याचं पात्रता प्रमाणपत्र
- सरोगेटची लेखी संमती, तिला कळणाऱ्या भाषेत
- विमा पॉलिसी
- सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- महापालिकेतला जन्म दाखला (नोंद २१ दिवसांत करायची असते, बाळ त्याआधीच हरवलं तर दाखलाच नाही, विचार करा)

शिवाय एक कॅलेंडर, जुनं, तिथीवालं. गर्भ ठेवल्याची तारीख, महिने, बाळंतपण, किरणोत्सव, पूर हे सगळं एकाच कॅलेंडरवर मांडा. माझं बाळ पहिल्या खर्ड्यात अकरा महिन्यांनी जन्मलं होतं आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, आईच्या सुद्धा.

११. कुणाला वाचायला द्यायचं

एक वकील, एक नर्स, एक निवृत्त पोलीस. साहित्यिक मित्र सगळ्यात शेवटी. पोलीसकाका फुकट वाचतात पण त्यांना पुस्तकातला फौजदार स्वतःसारखा वाटतो आणि मग ते त्याचे संवाद वाढवून देतात, ते गोड बोलून काढून टाका. आणि जमलं तर जिनं हे प्रत्यक्ष भोगलंय अशी कुणीतरी, पण तिला हस्तलिखित हातात देऊ नका, आधी विचारा की वाचायचंय का. मी विचारलं होतं एकीला. ती म्हणाली, "शेवट सांग आधी, बाळ मिळतं का?" मी सांगितलं. मग तिनं पिशवी पुढं केली आणि गठ्ठा आत घातला.